खडी लाट संगणकात कशी आली?

१९८४ साली उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क या नॉर्वेच्या तेलक्षेत्रावर लक्षात आलं की तिथले प्लॅटफॉर्म खाली चालले आहेत. खांब खचत नव्हते. खालचा समुद्रतळच बसत होता. तळाच्या सुमारे तीन किलोमीटर खाली खडूसारख्या खडकाचा थर आहे. त्यातून तेल आणि वायू उपसला, थर दबला आणि वरचं सगळं त्याच्याबरोबर खाली आलं. १९८७ मध्ये पोलादी प्लॅटफॉर्मचे पाय कापले, अख्खे डेक जॅकनी ६ मीटर उचलले आणि मध्ये नवे तुकडे बसवले. एवढा खटाटोप कशासाठी, तर डेकचा तळ आणि सर्वांत मोठ्या लाटेचा माथा यांच्यामध्ये काही मीटर मोकळी हवा राहावी म्हणून. या अंतराला 'एअर गॅप' म्हणतात. ते शून्य झालं की लाट खांबांवर आपटायची थांबत नाही. ती डेकवर आपटते, आणि डेक त्या माराला बांधलेलाच नसतो.

आता तुम्ही त्या वेळचे अभियंते आहात असं समजा. तुम्हाला एकच आकडा हवा आहे: शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या लाटेचा माथा किती वर जाईल, आणि ती खांबाला किती जोर लावेल? प्रश्न साधा वाटतो. त्याचं उत्तर काढण्याची आपली पद्धत गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी बदलत गेली, ते आज सांगते. हा विषय संशोधनासाठी घ्यायचा विचार असेल तर हा इतिहास नुसता प्रस्तावनेत चिकटवण्यापुरता नाही. आजच्या सॉफ्टवेअरच्या आत यातला प्रत्येक टप्पा अजून जिवंत आहे, आणि चुकतोही त्याच जुन्या जागी.

आधी 'खडी लाट' म्हणजे काय ते ठरवू. लाट मोठी असणं वेगळं आणि खडी असणं वेगळं. भरतीची लाट शेकडो किलोमीटर लांब असते. तिची उंची काही मीटर असली तरी ती जवळजवळ सपाटच. खडेपणा ठरतो उंची आणि लांबी यांच्या गुणोत्तराने. १८४५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी लाटांचा जो सिद्धांत सविस्तर मांडला, तो मुळात हे गुणोत्तर अगदी लहान आहे असं धरून चालतो. मग लाट म्हणजे गुळगुळीत साइन वक्र: माथा जेवढा वर, खळगा तेवढाच खाली. दोन लाटा एकत्र आल्या तर नुसती बेरीज करायची. ही बेरीज करता येणं हे फार मोठं वरदान आहे, आणि अभियंते ते आजही सुखाने वापरतात.

दोनच वर्षांनी, १८४७ मध्ये, जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी दाखवलं की लाट खडी होऊ लागली की ही समानता मोडते. माथा अरुंद आणि उंच होतो, खळगा रुंद आणि उथळ. कागद घेऊन एक उदाहरण करून बघा. खोल पाण्यात २०० मीटर लांबीची, २० मीटर उंचीची लाट घ्या. एअरींच्या हिशेबाने माथा सरासरी पातळीच्या १० मीटर वर. स्टोक्सची पहिली दुरुस्ती म्हणजे तरंगांक गुणिले आयामाचा वर्ग, भागिले दोन. तरंगांक इथे ०.०३१४, म्हणजे दुरुस्ती साधारण १.६ मीटर. माथा ११.६ मीटरवर, खळगा फक्त ८.४ मीटर खाली. एकूण उंची तीच २० मीटर, पण डेकला उंचीशी घेणंदेणं नाही, माथ्याशी आहे. आणि ही नुसती पहिली दुरुस्ती आहे.

लाट किती खडी होऊ शकते याला मर्यादा आहे. १८८० मध्ये स्टोक्स यांनीच दाखवलं की टोकाच्या लाटेच्या माथ्यावर १२० अंशांचा कोन तयार व्हायला हवा. १८९३ मध्ये मेलबर्नच्या जॉन हेन्री मिचेल यांनी हाताने आकडेमोड करून सांगितलं की खोल पाण्यात उंची लांबीच्या सुमारे ०.१४२ पट, म्हणजे जवळपास एक सप्तमांश, यापलीकडे जात नाही. आपली उदाहरणातली लाट ०.१ वर आहे, म्हणजे मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ. पुढे १९७०च्या दशकात संगणकाने स्टोक्सची श्रेणी फार वरच्या पदांपर्यंत नेली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट कळली: सगळ्यात उंच लाट सगळ्यात वेगवान नसते, आणि सगळ्यात जास्त ऊर्जाही तिच्यात नसते. दोन्हींचा कळस त्याच्या थोडा आधीच येऊन जातो. खडेपणा वाढवत नेला की सगळं त्याच दिशेने वाढत जाईल, ही आपली सहज समजूत इथेच पहिल्यांदा धक्का खाते.

पण या सगळ्या लाटा एकट्या, सारख्या, शिस्तीत चालणाऱ्या. १९६७ मध्ये ब्रूक बेंजामिन आणि फेअर यांनी ती शिस्तही मोडीत काढली. लांब टाकीच्या एका टोकाला अगदी सारख्या लाटा सोडल्या तरी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्यांचे गट पडतात आणि शेवटी त्या विस्कटतात. असं दिसल्यावर कोणीही आधी यंत्राला दोष देईल. त्यांनी सिद्ध केलं की दोष यंत्रात नाही, स्टोक्सची लाटच मुळात अस्थिर आहे.

आता खांबाकडे वळू, कारण तिथे एक पूर्णपणे वेगळी परंपरा चालू होती. १९४७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात, किनारा दिसेनासा होईल इतक्या अंतरावर, केरमॅक-१६ ही विहीर खणली गेली, आणि समुद्रात उभे खांब रोवण्याचा उद्योग सुरू झाला. अभियंत्यांना जोर काढायचा होता, आणि तोही लगेच. १९५० मध्ये बर्कलीहून मॉरिसन, ओ'ब्रायन, जॉन्सन आणि शाफ यांचा एक छोटा शोधनिबंध आला. त्यांचं म्हणणं असं की बारीक खांबावरचा जोर म्हणजे दोन गोष्टींची बेरीज: पाण्याच्या त्वरणामुळे येणारा जडत्वाचा भाग, आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढणारा ओढीचा भाग. दोघांच्या पुढे एकेक गुणांक. गुणांक प्रयोगातून काढायचे.

शुद्ध गणिताच्या नजरेने बघितलं तर हे समीकरण ओबडधोबड आहे. दोन्ही भाग असे सुटे का करावेत, याला सर्वसाधारण सिद्धता नाही. खांबाने लाटेला काही केलं, लाट वळली, परतली, हे त्यात येतच नाही. म्हणून व्यास लाटेच्या लांबीच्या साधारण एक पंचमांशापेक्षा लहान असेल तरच ते वापरायचं. पण ते चाललं, आणि अजून चालतं. आपल्या मुंबई हायवर १९७४च्या शोधानंतर पोलादी जाळीचे जे प्लॅटफॉर्म उभे राहिले, तेही याच घराण्यातले: बारीक नळ्यांचा सांगाडा, आणि प्रत्येक नळीवर मॉरिसनचा जोर. नवख्या संशोधकांना या समीकरणाला नावं ठेवायची घाई असते. मला वाटतं त्याचा प्रामाणिकपणा बघावा: आपल्याला काय माहीत नाही ते त्याने दोन गुणांकांत उघडपणे भरून ठेवलंय. नंतरच्या सुबक रंगीत चित्रांमध्ये तेच अज्ञान कुठेतरी जाळीच्या आत दडतं आणि शोधावं लागतं.

खांब जाड असेल तर मात्र लाट त्याच्याभोवती वळते. त्याचं उत्तर मॅककेमी आणि फुक्स यांनी १९५४ मध्ये दिलं, पण एअरींच्या सपाट लाटेसाठीच. तर १९६०च्या सुमारास स्थिती अशी: लाट खडी असेल तर खांब नाही, खांब जाड असेल तर लाट खडी नाही. दोन्ही एकत्र हवं असेल तर मोजायला यंत्र लागणार होतं.

यंत्र आलं ते लॉस अलामॉसमध्ये. १९६५ मध्ये फ्रान्सिस हार्लो आणि एडी वेल्श यांनी पाण्याच्या हालचालीची समीकरणं चौकोनी जाळीवर सोडवली आणि पाणी कुठे आहे हे कळावं म्हणून त्यात खुणेचे कण सोडले. ज्या घरात कण, त्या घरात पाणी. दाब घराच्या मध्यावर, वेग घराच्या भिंतींवर, ही त्यांची मांडणी आज साठ वर्षांनीही वापरात आहे. पण लाटेसाठी जाळी महाग पडत होती. लाटेत घडतं ते सगळं पृष्ठभागापाशी, आणि आपण मात्र तळापर्यंत प्रत्येक घर सोडवत बसतो. शिवाय पृष्ठभाग कुठे आहे हे एका घराच्या रुंदीइतकं धूसरच राहतं.

आणि इथे येतो १९७६चा शोधनिबंध. तुम्ही या विषयात एकच जुना निबंध मुळातून वाचणार असाल तर हा वाचा. मायकेल लाँगेट-हिगिन्स आणि एडवर्ड कोकेलेट, केंब्रिज. लाँगेट-हिगिन्स हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी लाटांचा अंदाज बांधणाऱ्या गटात होते; तेव्हापासून लाट हाच त्यांचा विषय.

त्यांची कल्पना अशी. पाण्याचा चिकटपणा सोडून द्या, भोवरे नाहीत असं धरा. मग आतल्या पाण्याचं गणित लाप्लासचं, आणि लाप्लासच्या समीकरणाचा गुण असा की कडेवर काय चाललंय ते कळलं की आतलं सगळं ठरतं. म्हणजे आत जाळी नकोच! फक्त पृष्ठभागावर बिंदू मांडायचे. प्रत्येक बिंदूजवळ तीनच गोष्टी: त्याच्या जागेचे दोन निर्देशांक आणि वेग-विभवाची किंमत. बर्नुलीचं समीकरण विभव पुढे नेतं, पाण्याचा वेग बिंदूला पुढे नेतो. मधे फक्त एक संकल समीकरण सोडवायचं, ज्यातून पृष्ठभागाला लंब दिशेचा वेग मिळतो. मग पुढचा क्षण. पुन्हा तेच.

यात एक सुंदर बक्षीस आपोआप मिळतं. बिंदू पाण्याबरोबर वाहतात, त्यामुळे जिथे पृष्ठभाग जास्त वळतो तिथे ते स्वतःहून गर्दी करतात. जिथे बारकाई हवी तिथेच बारकाई.

त्यांनी आधी स्टोक्सची स्थिर लाट चालवून बघितली. श्रेणीने आलेल्या उत्तराशी ती उत्तम जुळली. मग एका नियमित लाटेवर थोडा वेळ एका बाजूने जास्त असा दाब दिला आणि लाट मोकळी सोडली. ती चढत गेली, पुढे झुकली आणि तिचा माथा पुढच्या हवेत वळला. जे किनाऱ्यावर बसून आपण हजारदा बघतो, ते पहिल्यांदाच समीकरणांतून, कुठलाही आकार आधी गृहीत न धरता, इतक्या अचूकपणे निघालं. आणि त्या माथ्यावर १२० अंशांचा कोन नव्हता. लाट उलटायला लागल्यावरही बराच वेळ पृष्ठभाग गोलसरच राहिला. शतकभर सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं टोकदार माथ्याचं चित्र स्थिर लाटेचं होतं. मोडणारी लाट त्या वाटेने जातच नाही.

आता त्या निबंधातला मला सगळ्यात आवडणारा भाग. गणना काही काळ चालल्यावर पृष्ठभागावर करवतीचे दात दिसू लागले: एक बिंदू वर, पुढचा खाली, पुन्हा वर. वाढत गेले तर गणना कोसळते. लेखकांनी हे लपवलं नाही. त्यांनी एक गुळगुळीत करणारं सूत्र लावलं, आणि ते नीट छापलं. पाच शेजारी बिंदूंच्या किमती घ्या, त्यांना −१, ४, १०, ४, −१ यांनी गुणा, बेरीज करा, १६ ने भागा. ही मधल्या बिंदूची नवी किंमत.

हे सूत्र स्वतः तपासून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. किमती १, −१, १, −१, १ अशा करवतीच्या घ्या: बेरीज शून्य येते. करवत एका फटक्यात साफ. आता किमती ४, १, ०, १, ४ घ्या, म्हणजे पॅराबोला: मधली किंमत शून्यच राहते. पॅराबोलाला धक्का लागत नाही, तिसऱ्या घाताच्या वक्रालाही नाही. म्हणजे सूत्र फक्त कचरा काढतं आणि लाट शाबूत ठेवतं, असं वाटतं. पण खऱ्या लाटेच्या माथ्यापाशी, जिथे वळण सर्वांत तीव्र, तिथे पृष्ठभाग तिसऱ्या घातात मावत नाही. तिथे प्रत्येक वेळी थोडं थोडं खऱ्या लाटेचंही खरवडलं जातं. आणि आपल्याला हवा असलेला आकडा नेमका माथ्याचाच!

दात आले कुठून, यावर नंतर बराच खल झाला: पद्धतीचा दोष, की खड्या लाटेच्या खऱ्या अस्थिरतेचा काही अंश? १९८६ मध्ये डोल्ड आणि पेरेग्रीन यांनी काळात पुढे जाताना टेलर श्रेणीची वरची पदं घेणारी पद्धत आणली आणि लाट खूपच पुढपर्यंत स्वच्छ नेली. पण एक प्रश्न तेव्हापासून कायमचा मागे लागला, आणि तो तुमच्याही मागे लागेल: पडद्यावर दिसणाऱ्या लाटेतलं समुद्राचं किती आणि माझ्या पद्धतीचं किती?

त्यानंतर लाटेपुढे वस्तू ठेवायचं काम. नॉर्वेचे विन्ये आणि ब्रेव्हिग यांनी १९८१च्या सुमारास हीच पद्धत साध्या अवकाशात आणून लाटेत तरंगणाऱ्या वस्तूपर्यंत नेली, १९८२ मध्ये आयझॅकसन यांनी तीन मितींत प्रयत्न केला. अडचण एका बिंदूची होती. पाण्याचा पृष्ठभाग वस्तूच्या भिंतीला जिथे टेकतो, तो बिंदू पृष्ठभागाचा की भिंतीचा? दोन्हींचे नियम वेगळे. एकच निवडला तर उत्तर बिघडतं. दोन्ही एकाच वेळी लावले तर चालतं. ऐकायला क्षुल्लक, पण त्या एका बिंदूने अनेकांची वर्षं खाल्ली. तीन मितींत उलटणारी लाट नीट यायला २००१ उजाडलं, ग्रिली, गुयेन आणि डिआस यांच्या कामात.

या दरम्यान समुद्राने स्वतःच प्रश्न बदलला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या हायड्रुन आणि ड्राउगेन या दोन प्लॅटफॉर्मच्या प्रतिकृती टाकीत तपासल्या जात होत्या. हायड्रुन हा काँक्रीटचा, ताणलेल्या पोलादी नळ्यांनी तळाला बांधलेला. ड्राउगेन एकाच जाड काँक्रीटच्या पायावर उभा. अशा बांधकामांचा स्वतःचा हिंदकळण्याचा काळ काही थोड्या सेकंदांचा ठेवतात. मोठ्या लाटांचा काळ असतो बारा-पंधरा सेकंद. दोघांची गाठ पडू नये हीच तर रचना. तरीही खडी लाट आली की प्रतिकृती अचानक थरथरायची, घंटेवर एकच टोला मारावा तशी, आणि लाट निघून गेल्यावरही थरथरत राहायची. म्हणूनच त्याला 'रिंगिंग' नाव पडलं.

बारा सेकंदांच्या लाटेने चार सेकंदांची वस्तू कशी हलवली? बारा भागिले चार म्हणजे तीन: लाटेच्या तिसऱ्या संनादीने. एअरींच्या सिद्धांतात पहिलीच असते, स्टोक्सच्या पहिल्या दुरुस्तीत दुसरी येते. त्या काळची उद्योगातली नेहमीची सॉफ्टवेअर तिथेच थांबत. म्हणजे ज्या पदाला सगळ्यांनी 'लहान' म्हणून सोडलं होतं, तेच वस्तूच्या नाजूक जागी बोट ठेवत होतं. १९९५ मध्ये फाल्टिन्सन, न्यूमन आणि विन्ये यांनी बारीक उभ्या खांबासाठी तिसऱ्या घाताचा सिद्धांत दिला. त्यांची हुशारी गृहीतकात होती: खांब लाटेच्या लांबीच्या मानाने बारीक, पण लाटेची उंची खांबाच्या त्रिज्येएवढी. आधीच्यांनी उंचीही लहान धरली होती.

प्रयोगांत आणखी एक विचित्र गोष्ट दिसत होती. लाटेचा मुख्य धक्का बसून गेल्यावर थोड्याच वेळाने जोराच्या आलेखात एक छोटी दुसरी उसळी यायची. रिंगिंगचं कारण हेच, असं अनेकांना वाटलं. वेळ अगदी जुळून येत होती. २०१४ मध्ये पॉल्सन, ब्रेडमोस, बिंगहॅम आणि जेकब्सन यांनी चिकटपणासह पूर्ण समीकरणं सोडवून निष्कर्ष काढला की ती उसळी प्रवाह अतिशय अरेषीय झाल्याची खूण आहे, थरथरीला थेट खतपाणी घालणारा जोर नव्हे. ताप म्हणजे रोग नव्हे, तसंच काहीसं. तुमच्या प्रबंधात दोन गोष्टी एकाच वेळी घडताना दिसल्या की ही गोष्ट आठवा.

आणि १ जानेवारी १९९५. उत्तर समुद्रात ड्राउप्नर प्लॅटफॉर्मवर खाली रोखलेल्या लेसरने एक लाट टिपली: उंची २५.६ मीटर, माथा सरासरी पातळीच्या १८.५ मीटर वर. आजूबाजूचा समुद्र मोठाच होता, पण त्याची लक्षणीय उंची बारा मीटरच्या आसपास; ही लाट त्याच्या दुपटीहून जास्त. प्लॅटफॉर्मला किरकोळ नुकसान झालं. खलाशी पिढ्यान्पिढ्या सांगत आलेल्या लाटेचा पुरावा आता आकड्यांत होता, आणि माथा खळग्याच्या मानाने किती वर जातो तेही त्यात स्वच्छ दिसत होतं.

ती लाट टाकीत पुन्हा उभी करायला मात्र २०१९ उजाडलं. एडिंबराच्या २५ मीटर व्यासाच्या गोल टाकीत मॅकॲलिस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकाच दिशेच्या लाटांनी तेवढा माथा येतच नाही. त्याआधीच लाट फुटते. दोन लाटासमूह सुमारे १२० अंशांच्या कोनात एकमेकांना छेदतात तेव्हा पाणी पुढे कोसळण्याऐवजी वर उसळतं आणि मग तेवढा माथा मिळतो. मिचेलची मर्यादा एकाच दिशेच्या, शिस्तीच्या लाटेची होती.

आता फुटलेल्या लाटेचं काय? कडेवरच्या बिंदूंची पद्धत लाटेची जीभ पुढच्या पाण्याला टेकेपर्यंतच चालते. टेकली की पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो, आणि संपलं. तिथे पुन्हा जाळीकडे जावं लागतं. १९८१ मध्ये हर्ट आणि निकोल्स यांनी कणांऐवजी प्रत्येक घरात एक अपूर्णांक ठेवला: घर पूर्ण भरलं तर १, रिकामं तर ०, मधलं काही असेल तर तिथून पृष्ठभाग जातो. लाट फुटो, हवा अडको, थेंब उडोत, अपूर्णांकाला फरक पडत नाही. २००४ मध्ये ओपनफोम मोफत आणि खुलं झालं, २०१२ मध्ये जेकब्सन, फुरमन आणि फ्रेडसो यांनी त्यात लाटा निर्माण करायची आणि शोषायची सोय मांडली, आणि भारतातल्या कुठल्याही विभागातला विद्यार्थीसुद्धा लॅपटॉपवर लाट फोडू लागला.

पण १९७६चा प्रश्न इथेही दबा धरून बसलेला. जाळी जाडी असेल तर लाट टाकीत पुढे जाता जाता खचते. खांबापर्यंत पोचते तेव्हा ती तुम्ही सोडलेली लाट राहिलेलीच नसते. ओपनफोमचा नेहमीचा सोडवणारा भाग मूळ सेटिंगवर लांब चालवला तर उलटही होतं: लार्सन, फुरमन आणि रोएनबी यांनी २०१९ मध्ये दाखवलं की माथ्यावरचा वेग अवाजवी वाढतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. वेगाच्या वर्गाने ओढ वाढते हे लक्षात घ्या, म्हणजे जोर किती फुगेल ते कळेल. त्याआधी २०१८ मध्ये लार्सन आणि फुरमन यांनी आणखी मोठी गोष्ट दाखवली होती. प्रक्षोभासाठी सर्रास वापरली जाणारी दोन समीकरणांची जवळजवळ सगळी प्रतिमानं लाटेखालच्या शांत, भोवरे नसलेल्या पाण्यातही आपोआप प्रक्षोभ वाढवत नेतात. तो खोटा प्रक्षोभ मग खरी लाट गिळतो. त्यांनी उपायही दिला, पण तोवर कित्येक वर्षं ती प्रतिमानं बिनदिक्कत वापरली जात होती.

हे केवळ अभ्यासकांचे वाद नाहीत. ३० डिसेंबर २०१५ रोजी नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्रात सीओएसएल इनोव्हेटर या तरंगत्या ड्रिलिंग रिगच्या राहत्या भागावर एक खडी लाट समोरून आडवी आदळली. खिडक्या आत फुटल्या. एकाचा मृत्यू झाला, चार जण जखमी झाले. लाट डेकपर्यंत पोचणार की नाही, आणि पोचली तर किती जोराने, हाच तो एकोफिस्कचा प्रश्न, फक्त आता डेक स्वतःही हलतोय.

म्हणून २०१८-१९ च्या सुमारास ब्रिटनमधल्या एका सामायिक प्रकल्पाने जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. प्लिमथच्या टाकीत जहाजासारख्या आकाराच्या स्थिर वस्तूवर वेगवेगळ्या खडेपणाच्या आणि दिशांच्या केंद्रित लाटा सोडल्या, दाब आणि भिंतीवर चढलेलं पाणी मोजलं, आणि ती मापं कुलपात ठेवली. सहभागी गटांना फक्त वस्तू नसतानाच्या लाटेची माहिती दिली. उत्तरं जमा झाल्यावरच कुलूप उघडलं. एरवी आपण काय करतो, तर प्रयोगाचा आलेख शेजारी ठेवून जाळी आणि सेटिंग जुळेपर्यंत फिरवत बसतो. १९५२चा मार्टिन आणि मॉइस यांचा कोसळणाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा प्रयोग तर इतक्या प्रबंधांत 'पडताळणी' म्हणून येतो की तो जुळला नाही असं मी अजून वाचलेलं नाही. आंधळ्या चाचणीत बहुतेक पद्धती चांगल्या उतरल्या. पण उत्तरांत लक्षणीय फरक होता, आणि तो अगदी एकाच जातीच्या पद्धती वापरणाऱ्या गटांमध्येही होता. सॉफ्टवेअर तेच, लाट तीच, माणसं वेगळी.

आपल्याकडे यात शिरायचं असेल तर वाटा आहेत. आयआयटी मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागात याच प्रकारच्या गणना आणि प्रयोग दोन्ही होतात. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, जिथे बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडल्या जातात. तिथे जायची संधी मिळाली तर जा, आणि लाट फुटताना जवळून बघा. टाकीतली प्रतिकृती लाटेची उंची आणि काळ नीट छोटा करते, पण हवेचा दाब छोटा करू शकत नाही. तो टाकीतही तोच आणि समुद्रातही तोच. त्यामुळे भिंत आणि लाट यांच्यामध्ये अडकलेली हवा प्रतिकृतीत फार ताठर वागते, खऱ्या समुद्रात तशी नाही. त्या हवेच्या पिशवीचं गणित, योग्य मोजमापात, अजून नीट सुटलेलं नाही.